फसलेल्या हल्ल्यांची नोंदवही

बँकेचे संकेतस्थळ असो, संदेशांचे ॲप असो की सरकारी निविदेतली अट असो, माहितीच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की एक आकडा हमखास पुढे केला जातो: '२५६-बिट एन्क्रिप्शन'. सोबत कधी 'लष्करी दर्जाचे' अशी पुस्तीही जोडलेली असते. वाचणाऱ्याने समजायचे ते इतकेच, की आकडा मोठा म्हणजे कुलूप भक्कम. संगणकक्षेत्रात काम करणारी माणसेही हा समज बाळगून असतात. त्याच्याच पोटात दुसरा एक समज दडलेला असतो: कुलूप आतून कसे आहे हे कोणालाच सांगितले नाही, तर ते अधिक भक्कम होते.

हे दोन्ही समज उथळ आहेत, असे माझे म्हणणे आहे. ब्लॉक सायफरची, म्हणजे मजकूर तुकड्या-तुकड्याने कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीची, सुरक्षितता किल्लीच्या लांबीवरून ठरत नाही, आणि रचनेच्या गुप्ततेवरून तर नाहीच नाही. त्या सायफरवर उघडपणे झालेल्या आणि फसलेल्या हल्ल्यांच्या इतिहासावरूनच ती ठरते. हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. एखाद्या गणिती रचनेचा गुण तिच्या इतिहासावरून कसा ठरणार? पण इथे दुसरा मार्ग उपलब्धच नाही.

१. लांब किल्ली काय सांगते आणि काय सांगत नाही

किल्ली ५६ बिटांची असेल, तर २ चा ५६वा घात इतक्या किल्ल्या संभवतात. शत्रू त्या एकेक करून लावून पाहू शकतो. हा सगळ्यांत अडाणी हल्ला, आणि किल्लीची लांबी फक्त याच हल्ल्याचा खर्च सांगते. म्हणजे ती सुरक्षिततेची कमाल मर्यादा आहे. तिच्या खाली किती खोल घसरण होऊ शकते, याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही.

इंग्रजी वर्णमालेतल्या २६ अक्षरांची मनमानी अदलाबदल करून लिहिण्याची जुनी पद्धत घ्या. अशा अदलाबदली ४ वर २६ शून्ये, इतक्या होतात. बिटांच्या भाषेत सुमारे ८८ बिटांची किल्ली. अमेरिकेने १९७७ साली राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारलेल्या डीईएसची किल्ली ५६ बिटांची होती. मोजदादीवर विसंबले तर ही पोरखेळातली पद्धत डीईएसहून कित्येक अब्ज पट भक्कम ठरायला हवी. प्रत्यक्षात शाळकरी मुलगाही ती कागद-पेन्सिल घेऊन फोडतो, कारण अक्षरे बदलली तरी त्यांची वारंवारता बदलत नाही. हे बगदादमधल्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवले आहे.

'किल्ली लांब नसेल, पण गुंतागुंत तर वाढवता येईल' असे कोणी म्हणेल. त्याने कीलॉककडे पाहावे. मोटारींच्या दूरनियंत्रित किल्ल्यांमध्ये वापरला गेलेला हा सायफर बरीच वर्षे गुप्त होता. त्याची किल्ली ६४ बिटांची आणि फेऱ्या, म्हणजे तीच प्रक्रिया पुन्हा करण्याच्या खेपा, तब्बल ५२८. डीईएसच्या फेऱ्या १६, त्यानंतरचे मानक असलेल्या एईएसच्या १० ते १४. पण कीलॉकच्या फेऱ्यांमध्ये किल्लीचे तेच ६४ बिट ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येत होते. एकच पाढा आठ वेळा म्हटल्याने दुसरा पाढा येत नाही, तसे झाले. २००६ च्या सुमारास रचना बाहेर फुटली आणि दोनेक वर्षांत नेमक्या या पुनरावृत्तीचा फायदा घेणारे हल्ले प्रसिद्ध झाले.

लांबीला काहीच अर्थ नाही असे मात्र नव्हे. किल्ली आखूड असेल तर बाकीची चर्चाच व्यर्थ. १२८ बिटांना ही शंका उरत नाही. दर सेकंदाला अब्जावर अब्ज किल्ल्या तपासणारे यंत्र मिळाले, तरी सगळ्या तपासायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे पावणेआठशे पट काळ लागेल. त्यापुढे आकडा वाढवत नेणे हा बहुतेक वेळा जाहिरातीचा भाग असतो.

२. सिद्धता का नाही

ब्लॉक सायफर म्हणजे ठरावीक लांबीचा, समजा १२८ बिटांचा, तुकडा घेऊन त्याच लांबीचा दुसरा तुकडा देणारी उलटवता येणारी क्रिया. किल्ली बदलली की क्रिया बदलते. आदर्श सायफर असा, की किल्ली ठाऊक नसणाऱ्याला ही क्रिया निव्वळ यदृच्छेने निवडलेल्या अदलाबदलीपासून वेगळी ओळखता येऊ नये. पण खरोखर यादृच्छिक अदलाबदल लिहून ठेवायची तर २ चा १२८वा घात इतक्या ओळींचा तक्ता लागेल. तो अख्ख्या पृथ्वीवर मावणार नाही. म्हणून रचनाकार एक आखूड कृती लिहितो आणि ती यादृच्छिक भासावी अशी खटपट करतो. ब्लॉक सायफर हे मुळातच सोंग आहे. ते किती बेमालूम वठते एवढाच प्रश्न.

हे सोंग कसे वठवावे याची दिशा क्लॉड शॅननने १९४९ च्या निबंधात दाखवली. किल्ली आणि कूटमजकूर यांच्यातले नाते गुंतागुंतीचे करायचे, आणि मूळ मजकुरातल्या एका बिटाचा परिणाम सर्वत्र पसरवायचा. साधी अदलाबदल आणि साधे मिश्रण, दोन्ही एकटी असताना दुबळी. पण आलटून पालटून अनेक फेऱ्या केल्या की त्यांच्यातून काहीतरी बळकट निर्माण होते. आजचा जवळपास प्रत्येक ब्लॉक सायफर याच कल्पनेवर उभा आहे.

पण हे 'बळकट' सिद्ध कसे करायचे? शॅननने स्वतःच एका पद्धतीची परिपूर्ण गुप्तता सिद्ध केली होती; तिच्यात किल्ली संदेशाइतकीच लांब, यादृच्छिक आणि एकदाच वापरायची असते. व्यवहारात ते परवडत नाही. आखूड किल्ली आली की सिद्धता संपते. अमुक गणन इतक्या पायऱ्यांहून कमीत होऊच शकत नाही, असे दाखवण्याची साधने संगणकशास्त्राकडे जवळपास नाहीत. पी आणि एनपी यांचा १९७१ पासूनचा प्रश्न अजून तसाच आहे, तो याच दुबळेपणामुळे. एईएस सुरक्षित असल्याची सिद्धता आज कोणीही प्रसिद्ध केलेली नाही. पाठ्यपुस्तकांत ज्या सिद्धता असतात, त्या 'ब्लॉक सायफर चांगला आहे असे धरले तर' या वाक्याने सुरू होतात.

मग भिस्त कशावर ठेवायची? जाणत्या लोकांनी प्रयत्न केले, कुठवर पोचले आणि कुठे अडले, या नोंदीवर.

३. डीईएस: नोंद कशी तयार होते

आयबीएममध्ये हॉर्स्ट फाइस्टेल याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ल्युसिफर नावाचा सायफर रचला. त्यातूनच, अमेरिकी मानक संस्थेने १९७३ साली प्रस्ताव मागवल्यावर, डीईएस घडला. त्याच्या ५६ बिटांवर लगेच टीकेची झोड उठली. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७७ मध्येच हिशेब मांडला, की दोन कोटी डॉलरच्या यंत्राने ही किल्ली साधारण एका दिवसात सापडेल. शिवाय आतल्या आठ एस-बॉक्सच्या, म्हणजे बिटांची अदलाबदल ठरवणाऱ्या तक्त्यांच्या, निवडीचे निकष जाहीर केलेले नव्हते. त्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा, एनएसएचा हात होता, म्हणून चोरदरवाजाचा संशय पक्का झाला.

पुढे १९९० मध्ये एली बिहाम आणि आदी शामिर यांनी एक नवी हल्लापद्धत मांडली. दोन मजकूर असे घ्यायचे की त्यांच्यातला फरक आपण ठरवलेला असेल. मग तो फरक फेऱ्यांमधून कसा प्रवास करतो ते पाहायचे. एखादा फरक योगायोगाहून जास्त वेळा बाहेर पडत असेल, तर त्या जास्तीतून किल्लीबद्दल माहिती झिरपते. या पद्धतीने जपानच्या एनटीटीचा फील हा सायफर अक्षरशः कोसळला. डीईएस मात्र तगला. सोळाही फेऱ्या फोडायला २ चा ४७वा घात इतके निवडलेले मजकूर लागत होते, म्हणजे व्यवहारात हल्ला निरुपयोगी. एस-बॉक्समध्ये किरकोळ बदल केले तर मात्र हा बचाव ढासळत असे. १९९४ मध्ये आयबीएमच्या डॉन कॉपरस्मिथने खुलासा केला: ही पद्धत रचनाकारांना १९७४ पासून ठाऊक होती, एस-बॉक्स तिच्याविरुद्धच घडवले होते, आणि एनएसएशी चर्चा करून हे गुपित राखले होते.

यापेक्षा बोलकी गोष्ट ल्युसिफरची आहे. त्याच्या १२८ बिटी किल्लीच्या आवृत्तीवर बेन-आरोया आणि बिहाम यांनी हीच पद्धत चालवली, तेव्हा निम्म्याहून अधिक किल्ल्यांच्या बाबतीत २ चा ३६वा घात इतक्याच मजकुरांत ती फुटली. बाप १२८ बिटांचा, लेक ५६ बिटांची, आणि या हल्ल्यापुढे लेक कितीतरी सरस. फक्त बिट मोजणाऱ्याने या एका उदाहरणाचा खुलासा करून दाखवावा.

१९९३ साली जपानच्या मित्सुरु मात्सुईने वेगळीच वाट शोधली. त्याने किल्ली, मूळ मजकूर आणि कूटमजकूर यांच्या काही बिटांमधली किंचित झुकती नाती वापरली. डीईएसला आता २ चा ४३वा घात इतके ज्ञात मजकूर पुरत होते, आणि पुढच्याच वर्षी मात्सुईने ते प्रत्यक्ष करून दाखवले. एस-बॉक्स पहिल्या हल्ल्याविरुद्ध बारकाईने घासले होते. या दुसऱ्याविरुद्ध तशी काळजी दिसत नाही.

अखेर डीईएस पडला तो सगळ्यांत अडाणी हल्ल्याने. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरहून कमी खर्चात बांधलेल्या यंत्राने ५६ तासांत किल्ली शोधली. एवढ्या हल्ल्यांनंतरही आतल्या रचनेपेक्षा आखूड किल्लीच आधी दगा देते, हे रचनाकारांचे मोठे यश होते. पण ते यश आहे हे आपल्याला कळले, ते वीस वर्षांच्या उघड हल्ल्यांमुळेच.

४. एईएस: हल्लेखोराला वाचता यावी अशी रचना

पुढचे मानक ठरवताना अमेरिकेने १९९७ मध्ये खुली स्पर्धा जाहीर केली. १५ सायफर आले. स्पर्धकांनीच एकमेकांचे सायफर फोडायला घेतले; जर्मन दूरसंचार कंपनीच्या मॅजेंटावरचा हल्ला तर पहिल्याच परिषदेत मांडला गेला. पाच अंतिम फेरीत पोचले आणि ऑक्टोबर २००० मध्ये योआन डामेन व व्हिन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन संशोधकांचा रेनडाल निवडला गेला; तोच एईएस. अमेरिकेचे सरकारी मानक परदेशी माणसांच्या हातचे, हे लोकांच्या फारसे लक्षात येत नाही. निर्णय उघड युक्तिवादाने झाला की असे घडू शकते.

रेनडालचे सौंदर्य त्याच्या उघडेपणात आहे. एस-बॉक्स कुठून आला, हा प्रश्नच उरत नाही: २५६ घटकांच्या एका सांत क्षेत्रात व्यस्त घ्यायचा आणि वर एक साधे रूपांतर करायचे. दोन मजकुरांतला कोणताही ठरावीक फरक एस-बॉक्समधून ठरावीक रूपात बाहेर पडण्याची संभाव्यता जास्तीत जास्त ६४ त १. ओळी सरकवणे आणि स्तंभ मिसळणे या दोन पायऱ्या अशा जुळवल्या आहेत, की चार फेऱ्यांत किमान २५ एस-बॉक्स त्या फरकाच्या वाटेत येतातच. चौसष्टातला एक, असा पंचवीस वेळा गुणला की संभाव्यता २ च्या १५०व्या घातात एकाहून जास्त उरत नाही. आणि १२८ बिटांच्या तुकड्याचे वेगवेगळे मजकूर मुळात २ चा १२८वा घात इतकेच. तेव्हा चार फेऱ्यांहून लांब असा एकही मार्ग बिहाम-शामिर पद्धतीच्या हल्लेखोराच्या कामाचा नाही. फेऱ्या आहेत किमान दहा.

ही सिद्धता आहे, पण एका जातीच्या हल्ल्यापुरती, आणि रचनाकारांनी ती तेवढीच मांडली. त्यांनी सायफर असा लिहिला की हल्लेखोराला तो दुपारभरात समजावा. न समजल्यामुळे न फुटलेला सायफर नोंदवहीत काहीच भर घालत नाही.

गेल्या पंचवीस वर्षांतली नोंद अशी: १२८ बिटांच्या एईएसच्या दहांपैकी सात फेऱ्यांवर हल्ले आहेत, तेही अव्यवहार्य. २००२ मध्ये बीजगणिती समीकरणांनी तो फुटेल असा गाजावाजा झाला. तपासणीत दावा टिकला नाही. २०११ मध्ये १२८ बिटांच्या पूर्ण एईएसवरचा पहिला हल्ला आला, त्याने १२८ बिटांचे १२६ केले. म्हणजे काम सुमारे चौपट हलके. विश्वाच्या वयाच्या पावणेआठशे पट काळाचा चौथा हिस्सा करून कोणाचे बँक खाते रिकामे होत नाही.

५. आक्षेप

पहिला आक्षेप: एनएसएने गुप्तपणे चांगलेच काम केले ना? डीईएसच्या एस-बॉक्सबाबत केले, हे मान्य. १९९३ मध्ये क्लिपर चिपसोबत आलेला त्यांचा गुप्त सायफर स्किपजॅक १९९८ मध्ये खुला झाला, तेव्हा काही महिन्यांतच ३२ पैकी ३१ फेऱ्यांवर हल्ला निघाला. पूर्ण ३२ आजही उभ्या आहेत. ही शेवटची एक फेरी नेमक्या हिशेबाने ठेवली की नशिबाने उरली, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. गुप्त काम चांगले असू शकते. आपण त्यावर विसंबावे असे कारण ते देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्याला खरा हल्ला सापडला तो गप्प बसेल. बरोबर, आणि डीईएसची कहाणी याचाच पुरावा आहे. सोळा वर्षे ज्ञान दडवले गेले. उघड नोंद अपुरी असते, हे मी नाकारत नाही. पण गुप्त सायफरची नोंद तर कोरी असते. अपुऱ्याची तुलना परिपूर्णाशी करून चालणार नाही, कोऱ्याशी करावी लागेल. शिवाय, उघड जगात सायफर फोडणे हाच कीर्तीचा मार्ग असल्याने शेकडो हुशार माणसे तिथे फुकट राबतात. रशियाच्या २०१५ च्या मानकातील कुझनेचिक या सायफरचा एस-बॉक्स यादृच्छिक असल्याचे त्याचे रचनाकार सांगत होते. लिओ पेरॅं आणि सहकाऱ्यांनी चिकाटीने शोध घेतला, आणि २०१९ पर्यंत त्यात ठळक गणिती आखणी असल्याचे दाखवून दिले. तिच्यातून हल्ला निघालेला नाही. विश्वास मात्र गेला, आणि तो योग्य कारणाने गेला.

तिसरा आक्षेप: किल्ली गुप्त ठेवून वर रचनाही गुप्त ठेवली तर दुहेरी संरक्षण नाही का? ऑग्युस्त केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच लिहिले होते, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. किल्ली फुटली तर क्षणात बदलता येते. लाखो मोटारींत बसवलेली कीलॉकची रचना फुटल्यावर काय बदलणार?

चौथा: काही झाले तरी २५६ बिटे १२८ पेक्षा बरी. एका अर्थी हो. ग्रोव्हरची १९९६ ची क्वांटम कृती तत्त्वतः बिटांचे बळ निम्म्यावर आणते, म्हणून दूरच्या भविष्याचा विचार करणाऱ्याने २५६ घेण्यात चूक नाही. पण २००९ मध्ये बिर्युकोव्ह आणि खोव्रातोविच यांनी काय दाखवले तेही पाहावे. परस्परसंबंधित किल्ल्या हल्लेखोराच्या हाती आल्या, तर २५६ बिटांचा एईएस २ चा ९९.५वा घात इतक्या कामात फुटतो, कारण लांब किल्ली फेऱ्यांत वाटण्याची त्याची रीत अधिक सैल आहे. १२८ च्या आवृत्तीवर असा हल्ला नाही. नीट बांधलेल्या प्रणालीत अशा किल्ल्या कोणाला मिळत नाहीत, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण 'दुप्पट बिटे म्हणजे दुप्पट सुरक्षा' हे गणित इथेही उलटे पडले.

६. सायफर शाबूत, मजकूर उघडा

सायफर एका वेळी एकच तुकडा हाताळतो. लांब मजकूर असेल तर तुकडे कसे जोडायचे हे वेगळे ठरवावे लागते. प्रत्येक तुकडा सुटा कूटबद्ध केला, तर सारख्या तुकड्यांचे कूट सारखेच येते आणि मजकुराची आकृती बाहेरून दिसते. २०२० च्या एप्रिलमध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने दाखवले, की झूम २५६ बिटांच्या एईएसचा दावा करत असताना प्रत्यक्षात १२८ बिटांची किल्ली आणि नेमकी हीच सदोष पद्धत वापरत होते. बहुतेक बातम्यांनी बिटांवर बोट ठेवले. खरी चूक पद्धतीत होती.

ट्रिपल डीईएसचे तसेच. कागदोपत्री किल्ली १६८ बिटांची, पण तुकडा ६४ बिटांचा. २०१६ मध्ये भार्गवन आणि लरां यांनी दाखवले, की एकाच किल्लीने सुमारे ३२ गिगाबाइट मजकूर गेला की तुकडे जुळू लागतात आणि माहिती गळते. तुकड्याची लांबी कोणत्या जाहिरातीत लिहिलेली असते?

७. आपल्याकडे

भारतात इंटरनेट सेवेच्या परवान्यांमध्ये विनापरवानगी ४० बिटांपर्यंतच किल्ली वापरण्याची अट बराच काळ होती. ४० बिटांची किल्ली १९९७ च्या जानेवारीत इयान गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने विद्यापीठातले सुमारे २५० संगणक जोडून साडेतीन तासांत शोधली होती. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आणला. नागरिकांनी मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा या अटीवर गदारोळ झाला आणि मसुदा मागे घेतला गेला. त्या गदारोळात एक गोष्ट बाजूला राहिली. मसुद्यात एईएस, ट्रिपल डीईएस आणि आरसी४ ही नावे एका ओळीत, '२५६ बिटांपर्यंत' या शिक्क्याखाली बसवली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत आरसी४ ला इंटरनेटच्या सुरक्षित जोडणीतून अधिकृतपणे बाद केले होते. तिघांच्या नोंदवह्या उघडून पाहिल्या असत्या तर ती ओळ लिहिली गेली नसती.

म्हणून खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्यांना एक विनंती. विक्रेत्याने बिट सांगितले की या गोष्टी विचारा: सायफरचे नाव काय, तो किती वर्षे उघड्यावर आहे आणि त्यावरचा सर्वांत चांगला प्रसिद्ध हल्ला कुठवर पोचला आहे, तुकडे कोणत्या पद्धतीने जोडता, आणि किल्ली कुठे, कोणाकडे असते. 'आमची पद्धत गोपनीय आहे' असे उत्तर आले, तर सही करू नका.